उभा केलेला दगड

बाबांनी नातीच्या, ठकीच्या, हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. आधी डावीकडे, मग जरा वर, मग पुन्हा डावीकडे. समोर बसलेल्या त्यांच्या मुलीच्या, धाकटीच्या, हातातला कप बशीवर मोठ्याने टेकला.

"तोंड मीट बघू," बाबा म्हणाले.

"मिटतच नाही," ठकी म्हणाली. "दात पडलेत ना, जीभ बाहेर येते."

ते काही खोटं नव्हतं. पुढचे दोन दात पडल्यापासून ठकीच्या तोंडाला दारच उरलं नव्हतं. सकाळी बसमध्ये तिने शेजारच्या बाईंना घरातली यच्चयावत बातमी पुरवली होती, बाप झोपेत काय बडबडतो इथपर्यंत. पण बाबा हसले नाहीत. डोळे बारीक करून ते तिच्या गालाच्या हाडाकडे बघत होते, आणि त्यांच्या दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांवर हळूहळू घासत होता. दगडाची रेती चाचपताना तो असाच फिरायचा.

धाकटीला ती दोन बोटं चांगली ओळखीची होती. हनुवटीखाली ती नेमकी कुठे टेकायची, ती जागा तिला आजही डोळे मिटून दाखवता आली असती.

"बाबा, आत्ताच आलीय ती. जरा टेकू तर द्या तिला."

"लगेच कुठे बसवतोय मी? उद्या सकाळी बसवू. सकाळचं ऊन चांगलं पडतंय सध्या."

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने दूध गाळलं, गाळणं झटकलं, खुंटीला लावलं.

म्हणजे फोन ह्यासाठी होता तर. सणासुदीलाही आपणहून फोन न करणाऱ्या बाबांनी परवा चक्क फोन केला होता, "थंडी वाढायच्या आत ठकीला घेऊन ये," म्हणाले होते, आणि धाकटी खुळ्यासारखी हरखून गेली होती. म्हातारपणी माणसं मऊ होतात, असं नवऱ्याला सांगत तिने शाळेत रजा टाकली होती. आता तिने चहाचा कप तसाच बाजूला सारला.

"मम्मी, कुठे बसवणार मला?" ठकीने विचारलं.

"चल, आवार दाखवते तुला," धाकटी म्हणाली.

*

मागच्या आवारात एका बाजूला बाबांची कामाची शेड होती, दुसऱ्या बाजूला पाण्याचा नळ, आणि मधोमध, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, थोरली उभी होती.

थोरली म्हणजे धाकटीची मोठी बहीण. एका हिवाळ्यात तापाने गेली. अंगणातून गल्लीत आणि गल्लीतून अंगणात पळण्याच्या वयाची होती. त्या काळी घरोघरी कॅमेरे नव्हते. पुढच्या वर्षी शाळेत फोटो निघणारच आहेत असं म्हणत तिचा एकही फोटो काढायचा राहून गेला. दिवस झाल्यावर बाबा खाणीवर गेले, एक मोठा पिवळट दगड घेऊन आले, आणि कुणाशी अवाक्षर न बोलता त्यातून तिला घडवून काढलं. पाथरवट माणूस. दुसरं काय करणार?

घरात धाकटीला धाकटीच म्हणत. थोरली गेल्यावर ती एकटीच उरली, तरी नाव तेच राहिलं. धाकटी म्हणवून घ्यायला कुणीतरी थोरली लागते, आणि ती आवारात उभीच होती की.

"ही तू आहेस," ठकी दगडाभोवती एक गिरकी मारून म्हणाली.

"नाही गं. ही तुझी मावशी."

"नाक तुझंय."

धाकटीने दगडाकडे बघायचं टाळलं. "मावशीचं आणि माझं सारखं होतं."

ठकीला नाकाचं फारसं पडलेलं नव्हतं. तिचं बोट दगडाच्या खांद्यावर गेलं होतं. "हे हिरवं काय लागलंय?"

"शेवाळ. तेसुद्धा हळूहळू दगड खातं."

"दात कुठायत त्याला?"

"तुला तरी कुठायत? खातेसच ना?"

ठकी खिदळली, आणि तिच्या हाताखाली दगडाचा नखाएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. तिने दचकून हात मागे घेतला. "मी नाही केलं!"

"नाही गं राणी. तो सुटलाच होता."

शाळेत धाकटी भूगोल शिकवायची. खडकांच्या विदारणाचा धडा दरवर्षी यायचा आणि दरवर्षी ती तो घाईघाईने उरकायची. ऊन, थंडी, पाणी, मुळं, शेवाळ, सगळं फळ्यावर एका दमात लिहून मोकळी व्हायची आणि पुढच्या धड्यावर उडी मारायची. मुलांना वाटे बाईंना कंटाळा येतो. आता गुडघ्यावर बसून तिने ठकीला दाखवलं. दगडाच्या कानामागे एक फट होती, केसाएवढी सुरू होऊन खाली मानेशी करंगळीचं टोक जाईल एवढी झालेली.

"हिच्यात पाणी शिरतं. रात्री गारठा पडला की त्याचा बर्फ होतो. बर्फ झालं की पाणी फुगतं, आणि मग त्याला जागा पुरत नाही. मग ते दगडाला म्हणतं, सरक. दगड एवढासा सरकतो. दुसऱ्या दिवशी ऊन येतं, बर्फ वितळतो, पाणी अजून आत जातं. रात्री पुन्हा सरक."

"मग त्याला आत कशाला जाऊ देतात?"

"कोण?"

"ज्यांचा दगड आहे ते."

धाकटी गुडघ्यावरची माती झटकत उठली. ठकी तोवर खाली वाकली होती. घडवलेली पावलं जिथे संपत होती तिथे दगडाचा ओबडधोबड पाया उरला होता, आणि त्याच्या कुशीवर छिन्नीने कोरलेला एक बाण होता, आडवा, स्वयंपाकघराकडे टोक केलेला.

"हा बाण कुठे जातो?"

"कुठेच नाही," धाकटी म्हणाली. "तो वर जायला हवा होता."

*

खाणीत दगड थराथरांनी निजलेला असतो. पाथरवटाच्या हाताखाली आलेल्या नवख्या पोराला पहिला धडा मिळतो तो हा: दगड सुटला की आधी त्याच्यावर बाण मार, वरची बाजू कुठली ते सांगणारा. मग तो कुठेही न्या, कसाही घडवा, बसवताना बाण आकाशाकडे हवा. दगड जसा खाणीत निजला होता तसाच भिंतीत निजवायचा. उभा केलात तर थरही उभे होतात, पाण्याला वरून सरळ वाट मिळते, आणि चार-दोन हिवाळ्यांत दगड कांद्यासारखा सोलवटून निघतो.

बाबांनी उभ्या आयुष्यात एवढी एकच चूक केली, आणि ती स्वतःच्या आवारात केली.

थोरलीचा चेहरा पहिल्यांदा पडला तेव्हा धाकटी अकरा-बारा वर्षांची असेल. थंडी भरात यायला लागली होती. सकाळी शाळेला निघताना तिने पाहिलं, तर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत सगळी खपली पायाशी पडली होती आणि मागे नुसता सपाट पिवळा दगड होता. बाबा त्यापुढे छिन्नी घेऊन उभे राहिले. संध्याकाळी ती परत आली तेव्हाही ते उभेच होते. दुसऱ्या दिवशीही. घाव काही पडेना. मग एका सकाळी त्यांनी तिला हाक मारली.

"इकडे ये. बस ह्या स्टुलावर."

केवढा आनंद झाला होता तिला! थोरली गेल्यापासून बाबा तिच्याकडे धड बघतही नसत, आणि आता बघतच राहिले होते. ती पाठ ताठ करून बसली. शाळा बुडाली त्याचंही काही वाटलं नाही. दोन बोटं हनुवटीखाली आली, चेहरा उजेडाकडे वळला, आणि बाबा म्हणाले, "हलू नकोस."

त्या हिवाळ्यात ती दोनच शब्द ऐकत राहिली. पाय बधिर व्हायचे. आई आतून यायची, शेगडीवर तापवलेला एक गोटा फडक्यात गुंडाळून तिच्या पावलांखाली सरकवायची आणि पुन्हा आत जायची. ना आई कधी काही बोलली, ना बाबांनी कधी मान वळवली. हळूहळू धाकटीच्या ध्यानात आलं, की बाबा बघतायत ते तिला नाही. तिच्यातून जे काढून घेता येईल तेवढंच बघतायत.

काम झाल्यावर शेजारपाजारचे आले. म्हणाले, हुबेहूब थोरली! एकजण शहाणपणाने म्हणाला, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. धाकटीकडे वळून म्हणाले, अगदी बहिणीवर गेलीयस हं तू. त्या दिवसापासून ती डोळे मिटून थोरलीला आठवायला गेली की तिला स्वतःचंच नाक दिसायचं. थोरली कशी दिसायची ते ती विसरली. बाबा आधीच विसरले होते, म्हणून तर तिला बोलावलं. आवारात कोण उभं आहे, हे मग कुणालाच माहीत नव्हतं, आणि रोज उठून सगळे त्याच्याकडे बघत होते.

रात्री गारठ्यात दगड वाजायचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. पांघरुणात धाकटी स्वतःचा कान दाबून धरायची.

कॉलेजला जायच्या आधी एकदा, लग्नाच्या आधी एकदा, असं बाबांनी तिला आणखी दोनदा बसवलं. दगडातून फक्त काढता येतं, घालता येत नाही. खपली पडली की मूर्ती पातळ व्हायची. जाडी गेल्यावर उंची तेवढीच ठेवली तर माणूस फळीसारखं दिसतं, म्हणून बाबा तिला सगळीकडून उतरवायचे, डोकं खाली आणायचे, खांदे अरुंद करायचे. धाकटी वाढत गेली आणि दगडातली मुलगी लहान होत गेली. आईच्या खांद्याला लागणारी थोरली आता ठकीएवढी झाली होती.

ह्या वयाची धाकटी काय उपयोगाची होती? आता ठकी हवी होती.

*

बाबा शेडमध्ये छिन्नीला धार लावत होते. धाकटी दाराशी उभी राहिली. ठकी आजीबरोबर आत शेंगा सोलत होती; तिचा आवाज भिंतीपलीकडूनही येत होता.

"बाबा, ती बसायची नाही. पाच मिनिटं धड बसत नाही."

"तूही बसायची नाहीस. बसलीस की."

"मला नकोय ते."

छिन्नी थांबली. बाबांनी ती उजेडात धरून पाहिली.

"एवढी एकदाच," ते म्हणाले. "ह्यापुढे दगडच उरत नाही. मी पाहिलंय वाजवून. कानामागची फट आता आरपार गेलीय, ह्या हिवाळ्यात चेहरा जाणार. त्याआधी मीच उतरवून आतला घेतो. ठकीच्या वयाची बसेल बरोबर. त्याच्या आत काही नाही."

"मग जाऊ द्या ना बाबा. जाऊ द्या तिला."

"कुठे?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. एखाद्या पोराने पत्ता विचारावा तसं. धाकटी खालची दगडाची भुकटी पायाच्या बोटाने ओढत राहिली. मग आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुम्ही तो उभा का केलात? तुम्हाला तर माहीत होतं."

"माहीत नव्हतं होय? सगळ्यांना तेच शिकवत आलो जन्मभर." बाबा हसल्यासारखे झाले. "थर जाड नव्हता गं. बाण वर ठेवला असता तर ती आडवीच करावी लागली असती. निजलेली. तशी केली असती तर नातवंडांच्या नातवंडांना पुरली असती." त्यांनी छिन्नी पुन्हा कुरुंदाच्या दगडावर टेकवली. "पण तापात किती दिवस ती आडवीच बघितली होती मी. मला उभी हवी होती."

धाकटीला रडू आलं आणि रागही आला, आणि कशाला आधी वाट द्यावी ते तिला कळेना. ह्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं, तर उद्या त्या स्टुलावर ठकी. ठकीच्या हनुवटीखाली दोन बोटं. पाच-सात वर्षांनी ही बडबडी पोरगी आरशासमोर उभी राहून विचारणार, माझं नाक कुणाचं आहे. तिला ठकीच्या तोंडावर हात ठेवून तिला इथून उचलून न्यावंसं वाटलं, आत्ताच्या आत्ता, मिळेल त्या बसने.

"उद्या बघू," एवढंच ती म्हणाली. बाबांनी ते 'हो'च धरलं, हे तिला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

*

ऊन उतरलं तशी हवा एकदम कडक झाली. ठकी आजोबांच्या पलंगावर आडवी होऊन त्यांना शाळेतली भांडणं सांगत होती. धाकटी आईला शोधत मागे आली.

दरवर्षी थंडीची चाहूल लागली की आई थोरलीला गोणपाट गुंडाळायची. आधी जुनं पांघरूण, वर गोणपाट, त्यावर प्लास्टिक, आणि कंबरेशी सुतळी. लहानपणी धाकटीला त्याचा हेवा वाटायचा. मेलेल्या पोरीला एवढं ऊबदार, आणि जितीला स्टूल. रोज सकाळी आई दगड पुसायचीही, कोरड्या फडक्याने, धूळ बसू नये म्हणून.

आज गोणपाट नळाजवळच्या खिळ्याला होतं. नीट घडी केलेलं, कोरडं ठणठणीत. ह्या हिवाळ्यात ते उलगडलेलंच दिसत नव्हतं.

आई दगडापाशी उभी होती. तिच्या हातात चहाची किटली होती. डाव्या हाताने तिने थोरलीचं डोकं धरलं होतं, न्हाऊ घालताना पोरीचं धरावं तसं, आणि किटलीची तोटी कानामागच्या फटीला लावून ती सावकाश पाणी ओतत होती. एक थेंब बाहेर सांडू देत नव्हती.

धाकटी जागीच उभी राहिली. तिच्या स्वतःच्या कानामागे काहीतरी गार सरकलं.

"आई, काय करतेयस?"

आईने वळून पाहिलं नाही. "आज चांगलाच गारठा पडणार म्हणतात."

"अगं, पण हे पाणी..."

"भूगोल तू शिकवतेस. मला काय कळतंय त्यातलं."

किटली रिकामी झाली. आईने ती नळाखाली धरली. तिची बोटं लालभडक झाली होती आणि सांध्यांवर चिरा पडल्या होत्या. हे एका संध्याकाळचं काम नव्हतं.

"कधीपासून?"

"ठकीला बोलावू या म्हणाले, त्या दिवसापासून." नळ बंद करताना आईचा आवाज थोडा खाली आला. "तुझ्या वेळेला मी नुसते दगड तापवत बसले. वाटायचं, त्यांना बोलले तर ते मोडतील. माणूस मोडायला नको म्हणून पोरीला गारठ्यात बसू दिलं. आता तेच पुन्हा बघायचं? माझ्याच्याने नाही व्हायचं."

"तुला वाटत नाही काही? ती आहे ना ती."

आता आईने मान वर केली. तिने दगडाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग धाकटीच्या चेहऱ्याकडे, आणि धाकटीला आठवेना की आईने तिच्याकडे इतका वेळ शेवटचं कधी पाहिलं होतं.

"ती कुठली ती," आई म्हणाली. "तू आहेस ती. इतकी वर्षं दाराशी उभी. स्वयंपाक करताना मान वर केली की तू. थंडीत गोणपाट मी कुणाला घालत होते, तुला काय वाटलं?"

धाकटीने गोणपाटाच्या घडीवरून हात फिरवला. आतून ठकीचा हसण्याचा आवाज आला आणि मागोमाग बाबांचा, खोकल्यासारखा, क्वचित ऐकू येणारा.

आईने भरलेली किटली पुढे केली. "माझी बोटं बधिर झाली आता. सांडेल. तू ओत."

किटली जड होती, आणि दांडा इतका गार की बोटं चिकटतील. धाकटीने तोटी फटीशी नेली. इतकी वर्षं जो चेहरा बघायचा तिने टाळला होता तो आता वीतभर अंतरावर होता. डोळे उघडे होते, तोंड मिटलेलं. ती मुलगी हलत नव्हती. हलू नकोस म्हटल्यापासून हललीच नव्हती ती.

"झालं हं," धाकटी तिला म्हणाली. "आता झालं." आणि तिने किटली कलती केली.

*

सकाळी ती उठली तेव्हा बाबा आवारात होते. खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी चढली होती, म्हणून आधी नुसती त्यांची आकृती दिसली. ती शाल ओढून बाहेर आली. आई दारातच उभी होती.

चेहरा गेला होता. चेहरा, छाती, गुडघे, समोरचं सगळंच्या सगळं एका पापुद्र्यात सुटून पायाशी पडलं होतं आणि पडताना त्याचा चुरा झाला होता. नाक कुठलं नि बोटं कुठली ते सांगता येत नव्हतं. उभा राहिला होता तो नुसता एक दगड, मधून खरबरीत, कडेला बर्फाने चमकणारा.

बाबा चमकणाऱ्या कडेवरून बोट फिरवत होते. बर्फाचा एक पातळ तुकडा त्यांनी काढला आणि तळहातावर ठेवला. पाऊस कित्येक दिवसांत पडला नव्हता. त्यांनी खिळ्यावरच्या गोणपाटाच्या घडीकडे पाहिलं. मग दाराकडे, आईच्या हातांकडे पाहिलं. आईने हात पदराखाली घेतले नाहीत.

जन्मभर दगड वाचलेला माणूस. त्याला कुणी काय सांगायचं?

"मी केलं," आई म्हणाली.

"आम्ही," धाकटी म्हणाली.

तळहातावरचा बर्फ वितळून बाबांच्या मनगटावर ओघळला. धाकटीला वाटलं ते आता ओरडतील, किंवा खाली बसतील आणि पुन्हा उठणारच नाहीत. ते दगडाच्या कुशीशी वाकले. पायावरचा बाण त्यांनी अंगठ्याने पुसला. त्यातलं शेवाळ नखाने काढलं.

"पहार आण शेडमधून," ते म्हणाले. कुणाकडे न बघता.

तिघांनी मिळून तो कलता केला. बाबांनी पहार पायाखाली सरकवली, धाकटीने खांदा लावला, आईने गोणपाटाची घडी उघडली आणि दगड जिथे टेकणार होता तिथे पसरली. मातीतून सुटताना त्याने मोठा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला. मग तो सावकाश पाठीवर गेला आणि टेकला. बाण आकाशाकडे झाला. बाबांनी तो दोनदा पाहिला. भिंतीतला दगड बसवल्यावर जसे ते तळहाताने दोन थापा द्यायचे तशा दिल्या. दुसऱ्या थापेनंतर हात तिथेच राहिला.

"मम्मी! माझी पाळी कधी?"

ठकी दारात उभी होती, एका पायात मोजा, दुसरा हातात. पोरीने आवारावर एक नजर टाकली, तिला कुठेही स्टूल दिसलं नाही, तेव्हा ती सरळ आली आणि आडव्या दगडावर बसली. बसली म्हणजे काय, आधी बसली, मग वळली, मग मांडी घातली, मग मांडी मोडून पाय हलवायला लागली. टाचा दगडावर ठक ठक वाजत होत्या.

"हलू..." बाबा म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून आला नाही.

ठकीच्या टाचा वाजतच होत्या. बाबा त्या टाचांकडे बघत होते. अंगठा बोटांवर घासत नव्हता.

"अशीच होती," ते म्हणाले. आवाज ओळखू येईना. "अगदी अशीच. बूड टेकायची नाही कार्टी कधी एका जागी. जेवायचीसुद्धा उभ्याने."

"दारातून आत यायची ती खिडकीतून बाहेर जायची," आई दारातून म्हणाली.

धाकटीला एकदम आठवलं. कुणीतरी तिच्या वेणीला हिसका देऊन पळालं होतं, वळून बघेपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचलं होतं. चेहरा दिसला नाही. पण ती पाठ धाकटीची नव्हती, दुसऱ्याच कुणाची होती.

"कोण?" ठकीने विचारलं. "मावशी? ती कशी होती?"

ह्या घरात हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बाबांनी पहार भिंतीला टेकवली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि ते कण्हत खाली वाकले.

"सरक तिकडे जरा," ते म्हणाले. "मलाही बसू दे."